बेळगाव भागात अपार्टमेंट डेव्हलपर व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिल्डर, कंत्राटदार आणि डेव्हलपर एकच ना?

बोलण्यात एकच, कामात नाही. कंत्राटदार ठरलेल्या दराने बांधून देतो. नकाशा मंजूर नसला किंवा फ्लॅट विकले गेले नाहीत तरी त्याचं बिल निघतं. डेव्हलपर जमीन उभी करतो, कागद साफ करतो, परवानग्या आणतो, पैसा लावतो, विकतो आणि ताबा दिल्यावरही कायद्याने बांधलेला राहतो. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा स्थावर मालमत्ता कायदा, त्याला ‘प्रवर्तक’ म्हणतो. जमीनमालकाबरोबर भागीदारीत काम असलं तरी ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर त्यालाच द्यावं लागतं. जमीनमालकही प्रवर्तक ठरू शकतो, ही गोष्ट मालकाला करार करायच्या आधी सांगावी, नंतर नाही.

सिव्हिलची पदवी लागते का?

कायद्याने नाही. नकाशा आर्किटेक्टने आणि स्ट्रक्चरल डिझाइन पात्र इंजिनिअरने करायचं असतं. पण स्वतःला बार बेंडिंग शेड्यूल (कुठली सळई किती आणि कशी वाकवायची याचा तक्ता) वाचता यावं आणि सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅबखालच्या साच्याचा, टेकू कुठे कमी पडलाय ते दिसावं. सिव्हिल डिप्लोमा आणि साइटवरची तीन-चार वर्षं ही चांगली सुरुवात आहे. उद्यमबागेत वर्कशॉप चालवणारे, जमिनीचे व्यवहार जुळवणारे आणि घरची जमीन असलेलेही या धंद्यात येतात. त्यांना इंजिनिअर पगारी मिळतो, कागद वाचायची सवय मात्र स्वतःलाच लावावी लागते. आमच्या मते पहिली दोन वर्षं दुसऱ्याच्या प्रकल्पावर काढावीत आणि त्यातला निम्मा वेळ साइटवर न जाता सब-रजिस्ट्रार, सिटी सर्व्हे आणि महानगरपालिकेच्या खिडक्यांवर घालवावा.

भांडवल किती लागतं? जमीनमालकाबरोबर भागीदारी केली तर पैसा लागत नाही ना?

लागतो, आणि बहुतेक जण इथेच फसतात. एक हिशेब मांडून बघू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या जागेचे तुम्ही घाला.

समजा टिळकवाडीत जुना बंगला असलेली १० गुंठे जागा आहे. १ गुंठा १,०८९ चौ. फूट, म्हणजे जागा १०,८९० चौ. फूट. जागेच्या किती पट बांधता येतं त्या आकड्याला महाराष्ट्रात एफएसआय म्हणतात, इकडे एफएआर. तो १.७५ धरला तर १९,०५७ चौ. फूट बांधकाम बसतं. विक्रीयोग्य क्षेत्र १९,००० धरू. पण प्रत्यक्ष बांधायचं असतं त्याहून जास्त: स्टिल्ट पार्किंग, जिना, लिफ्टची खोली, टाक्या. ते सगळं मिळून २४,००० चौ. फूट.

दर १,९०० रुपये धरला तर बांधकाम ४ कोटी ५६ लाख. परवानग्या, आर्किटेक्ट, वीज-पाणी जोडण्या आणि विक्रीचा खर्च ४० लाख, व्याज ३५ लाख. एकूण ५ कोटी ३१ लाख. मालकाचा वाटा ४५ टक्के, तुमचा ५५ टक्के, म्हणजे १०,४५० चौ. फूट. खर्च पूर्ण इमारतीचा आणि विकायला मिळालं एवढंच. ५ कोटी ३१ लाखांना १०,४५० ने भागलं की चौरस फुटाला ५,०८१ रुपये येतात. हा नफा-तोटा नसलेला दर. त्या गल्लीत ५,२०० ने फ्लॅट जात असतील तर हा प्रकल्प घेऊ नका, बंगल्याचा मालक कितीही ओळखीचा असो.

उशीर झाला तर? २ कोटींचं कर्ज १२ टक्क्यांनी एक वर्ष जास्त राहिलं तर २४ लाख व्याज, म्हणजे चौरस फुटाला आणखी २३० रुपये. वर ५,२०० आणि ५,०८१ मधला फरक फक्त ११९ रुपयांचा होता.

जमीन बघायला गेलो तर आधी काय बघायचं?

जागा नंतर बघा, आधी तिचे कागद मागा.

शेतजमिनीचा प्रवास उताऱ्यापासून सुरू होतो. इकडे त्याला आरटीसी किंवा पहाणी म्हणतात. त्याच्या मागचे सगळे फेरफार काढा, फक्त शेवटचा नाही. नाव कसं चढलं हे फेरफारात कळतं: खरेदीने, वारसाने, वाटणीने की कूळकायद्याने. गावात गट पोटहिश्शांत फुटलेला असेल आणि तुम्हाला त्यातला तुकडाच घ्यायचा असेल, तर ११ई नकाशा (त्या तुकड्याच्या मोजणीचा सरकारी नकाशा) आधी करून घ्या. मोजणीत बांध एका बाजूला आणि उताऱ्यावरचं क्षेत्र दुसऱ्या बाजूला, असं बऱ्याचदा निघतं.

शहरातल्या जागेला सिटी सर्व्हेचा सीटीएस नंबर आणि प्रॉपर्टी कार्ड असतं, शिवाय महानगरपालिकेचा खाता, म्हणजे मिळकतीच्या कर-नोंदीचा उतारा. आता ई-खाता (हाच उतारा, ऑनलाइन) नसेल तर नोंदणीच अडते. प्रॉपर्टी कार्डावरचं क्षेत्र, खरेदीपत्रातलं क्षेत्र आणि जागेवर टेपने मोजलेलं क्षेत्र, हे तिन्ही एका कागदावर शेजारी शेजारी लिहा. जुन्या गल्ल्यांत हे तिन्ही आकडे एक निघाले तर नशीब समजा. नकाशा सगळ्यात कमी आकड्यावर काढा.

मग ईसी, म्हणजे बोजा दाखला. नोंदणी खात्याच्या कावेरी या संकेतस्थळावर १ एप्रिल २००४ नंतरच्या नोंदी मिळतात. त्याआधीच्या सब-रजिस्ट्रार कार्यालयात हाताने शोधून घ्याव्या लागतात, आणि किमान ३० वर्षांचा शोध हवाच. नोंदी असतील तर नमुना १५ मिळतो, काहीच नसेल तर नमुना १६. नमुना १६ मिळाला म्हणून निश्चिंत होऊ नका: नोंदणी न झालेलं संचकारपत्र (विसारपत्र), घरातली तोंडी वाटणी, कोर्टातला दावा त्यात दिसत नाही. दिवाणी कोर्टात मालकाच्या नावाने दावा आहे का, हे वकिलाकडून वेगळं तपासून घ्या.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुने दस्त मराठीत, त्याहून जुने मोडीत सापडतात, आणि त्यात इनाम, वतन, कूळ हे शब्द येतात. असा एकही शब्द दिसला तर थांबा. वतनाची पुन्हा मंजूर झालेली जमीन आणि कुळाला मिळालेली जमीन यांना काही वर्षं विक्रीबंदीच्या अटी होत्या, आणि अट मोडून झालेली विक्री पुढच्या सगळ्या खरेदीपत्रांना पोखरते. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारने दिलेली जमीन असेल तर १९७८ चा कायदा लागतो. सरकारची आगाऊ परवानगी नसेल तर ती जमीन मूळ कुटुंबाला परत जाते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘फार वर्षं झाली’ हा बचावही उरलेला नाही. मोडी वाचणारा माणूस गाठून दस्त पूर्ण वाचून घ्या, सारांशावर भागवू नका.

कॅम्प भागातली जागा वेगळीच. तिथे कॅन्टोन्मेंटचा कायदा चालतो आणि बऱ्याच बंगल्यांची जमीन मालकीची नसून लीजची किंवा ओल्ड ग्रँटची (ब्रिटिश काळात सरकारने फक्त वापरायला दिलेली) असते. पहिल्या प्रकल्पाला तिकडे जाऊ नये.

सगळे भाऊ सही करायला तयार आहेत. पुरेसं आहे का?

नाही. बहिणी कुठे आहेत ते विचारा.

हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मतःच मुलाइतकी वाटेकरी आहे. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी हा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी तेवढी सुरक्षित. उताऱ्यावर तीन भावांची नावं आहेत म्हणजे वारस तीनच, असं कधीच धरू नका. वारस नोंदीची वर्दी देताना बहिणींची नावं गाळलेली असतात किंवा कोऱ्या कागदावर त्यांचं ‘हक्क नाही’ लिहून घेतलेलं असतं. त्या कागदाला किंमत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं.

आपल्याकडे लेकी चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर, गोवा अशा सीमेपलीकडे दिलेल्या असतात. त्या बेळगावच्या सब-रजिस्ट्रारकडे आल्या तर उत्तमच. येणं जमत नसेल तर त्यांनी आपल्या राहत्या भागातल्या सब-रजिस्ट्रारसमोर वटमुखत्यारपत्र करून साक्षांकित करून घ्यावं. ते कर्नाटकात आल्यापासून तीन महिन्यांत इथला मुद्रांक भरायचा. गावातल्या नोटरीसमोर केलेलं मुखत्यारपत्र घेऊन नोंदणीच्या दिवशी खिडकीवर उभं राहिलात तर परत यावं लागतं.

बहिणींना खरा बाजारभाव कळू द्यावा आणि त्यांचा मोबदला त्यांच्याच बँक खात्यात भरावा. ते न्याय्य आहेच, शिवाय दहा वर्षांनी येणारा दावाही टळतो.

भागीदारीच्या करारात नेमकं काय चुकतं?

टक्केवारीवर महिनाभर घासाघीस होते आणि ती टक्केवारी कशाची, हे लिहायचं राहतं. कार्पेटची (भिंतींच्या आतलं क्षेत्र) की बिल्टअपची (भिंती धरून)? पुढे जास्तीचा एफएआर मिळाला तर तो कोणाचा? कोणाचं पार्किंग कुठलं? मालकाच्या वाट्याच्या फ्लॅटवरचा जीएसटी कोण भरणार? बंगला रिकामा केल्यापासून मालकाचं भाडं किती महिने आणि उशीर झाला तर किती? मजलानिहाय वाटप नकाशावर रंगवून दोघांनी सह्या करून करारालाच जोडा. करार आणि त्याबरोबरचं मुखत्यारपत्र दोन्ही नोंदणीकृत हवेत. साध्या स्टॅम्पवरच्या करारावर बँक दारातही उभं करत नाही.

मला कन्नड वाचता येत नाही. चालेल?

बोलण्यापुरतं भागतं, धंद्यापुरतं नाही. उतारा, फेरफार, बिनशेतीचा आदेश, महानगरपालिकेच्या नोटिसा कन्नडमध्ये येतात. नोटिशीला मोजक्या दिवसांची मुदत असते आणि ती दुसऱ्याकडून वाचून घेण्यात त्यातले बरेच दिवस जातात. लिपी शिकायला दोन-तीन महिने पुरतात, कारण मराठी बोलणाऱ्याला बरेच शब्द ओळखीचे निघतात. ग्राहकाच्या बाजूनेही विचार करा. फ्लॅट घेणारं मराठी कुटुंब इंग्रजी करारावर सही करतं. त्यांना कराराचा मराठी अनुवाद घरी न्यायला द्या. नंतरचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

परवानग्यांचा क्रम कसा असतो?

शेतजमीन असेल तर आधी शहराच्या विकास आराखड्यात ती निवासी पट्ट्यात आहे का ते बुडाकडून (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) बघायचं. हरित पट्ट्यातली जमीन स्वस्त मिळते ती त्याच कारणाने. मग कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ च्या कलम ९५ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून बिनशेती, मग लेआउट किंवा एकल भूखंडाची मंजुरी, ई-खाता, आणि त्यानंतर इमारतीचा नकाशा. सांबरा विमानतळाच्या परिसरात उंचीची एनओसी आधी घ्या, नाहीतर वरचा मजला नकाशातून कापावा लागतो. बांधकाम २०,००० चौ. मीटरच्या वर गेलं तर पर्यावरण मंजुरीही लागते, पण पहिला प्रकल्प तिथवर जात नाही.

२०२० मध्ये कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यातली ७९अ आणि ७९ब ही कलमं रद्द केल्यापासून शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. म्हणून कोल्हापूर-पुण्याचे लोक इकडे विचारणा करतात. पण शेतजमीन घेता येते म्हणजे त्यावर बांधता येतं असं नाही, बिनशेतीची पायरी तशीच आहे. ग्रामपंचायतीचा नुसता उतारा दाखवून मंजुरी नसलेल्या लेआउटमध्ये अपार्टमेंट उठवू नका. फ्लॅट घेणाऱ्याला बँक कर्ज देत नाही आणि तुमच्याकडे फक्त रोखीचे ग्राहक उरतात.

माझा प्रकल्प लहान आहे, रेरा लागू आहे का?

जमीन ५०० चौ. मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील तर नोंदणीतून सूट आहे. गुंठ्यांत विचार करणारे इथे चुकतात: पाच गुंठे म्हणजे ५०५.८६ चौ. मीटर, मर्यादेच्या वर. पाच गुंठ्यांत दहा फ्लॅट काढले तर नोंदणी लागलीच. नोंदणीआधी जाहिरात नाही, बुकिंग नाही, व्हॉट्सअॅपवर ‘लवकरच येत आहे’चा फोटोही नाही. दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत.

करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकाकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात जातात. ते जमीन आणि बांधकामावरच वापरायचे, तेही इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए यांच्या दाखल्यानंतर, झालेल्या कामाच्या प्रमाणात. नवे लोक उरलेल्या ३० टक्क्यांना नफा समजतात. त्यातून कर, व्याज, पगार आणि जाहिरात भागवायची असते. एका प्रकल्पाचा पैसा दुसऱ्या जागेच्या संचकाराला दिला की दोन्ही अडकतात. बंद पडलेल्या इमारतींमागे सिमेंटच्या भावापेक्षा हे कारण जास्त वेळा असतं.

वडगाव-शहापूरकडे काळी माती आहे, पाया कसा घ्यायचा?

आधी मातीची तपासणी. साधारण ४० गुंठ्यांच्या जागेला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक बोअर असा दंडक आहे, लहान जागेला इंजिनिअर ठरवेल तितके. शेजारच्या इमारतीचा रिपोर्ट चालत नाही, कारण शंभर फुटांवर मुरूम वर आलेला असू शकतो.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. फुटिंग (कॉलमखालचा पायाचा रुंद भाग) त्या थरात ठेवली तर दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात. फुटिंग खाली घट्ट मुरमापर्यंत न्यायची, थर फार खोल असेल तर पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर नेलेले काँक्रीटचे खांब. प्लिंथच्या (जोत्याच्या) आतली काळी माती काढून मुरूम भरायचा, तोही १५०-२०० मिलिमीटरच्या थरांत, पाणी मारून, प्रत्येक थर रोलरने दाबून. चार फूट मुरूम एकदम ओतून वरून पाणी सोडलं की पार्किंगची फरशी बसते.

तांबड्या जांभ्याच्या भागात उलटा धोका. वरचा दगड कठीण लागतो म्हणून खोदाई थांबवतात आणि खाली मऊ चिकणमाती असते. बोअर जांभ्याच्या खालपर्यंत गेला पाहिजे.

बळ्ळारी नाल्याच्या बाजूच्या शिवारात पावसाळ्यात पाणी जवळजवळ जमिनीशी येतं. तिथे बेसमेंट टाळा. जमिनीखालची पाण्याची टाकी बांधून झाली असेल तर जूनमध्ये ती रिकामी ठेवू नका. भोवतालच्या पाण्याच्या दाबाने रिकामी टाकी वर उचलली जाते आणि पाइप जोडापाशी तुटतात.

स्लॅबच्या दिवशी मालकाने काय बघावं?

पाणी. मिक्सर किंवा गाडीवरचा माणूस माल सैल व्हावा म्हणून पाणी वाढवतो. तो माल सोपा पसरतो आणि ताकद गमावतो. एम-सँडमध्ये (दगड भरडून केलेल्या वाळूत) भुकटी जास्त असेल तर पाण्याची मागणी आणखी वाढते. १५० मायक्रॉनखालची भुकटी २० टक्क्यांपर्यंत चालते, त्यापुढे गाडी परत.

४० घनमीटरच्या स्लॅबला चार नमुने, म्हणजे बारा ठोकळे. एम२५ दर्जाच्या काँक्रीटला २८ दिवसांनी २५ न्यूटन प्रति चौ. मिमी हवेत. सात दिवसांचा आकडा १६-१७ च्या खाली आला तर पुढचा स्लॅब थांबवा. ठोकळ्यांवर तारीख आणि मजला ओल्या मालातच खिळ्याने कोरा. कागदी चिठ्ठ्या गळून पडतात आणि मग प्रयोगशाळेत कुठला ठोकळा कुठला ते कळत नाही.

कव्हर ब्लॉक (सळई आणि साचा यांत अंतर राखणारे ठोकळे) सिमेंटचे हवेत: स्लॅबला २०, बीमला २५, कॉलमला ४० मिलिमीटर. खडीचा तुकडा सळईखाली सरकवणं हे गंजाला आमंत्रण आहे. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं, साध्या सिमेंटला किमान सात दिवस, पीपीसीला (पोझोलाना मिसळलेल्या सिमेंटला) दहा. टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला सात दिवस, त्यापुढे चौदा. सहा मीटरवरच्या बीमला एकवीस. सेंट्रिंगवाल्याला फळ्या दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात म्हणून तो पाचव्या दिवशीच विचारतो. टेकू काढायची तारीख बीमवर खडूने लिहून ठेवा.

खोदाई आणि प्लिंथ मेअखेर संपेल असंच वेळापत्रक धरा. जूनमध्ये उघडा खड्डा राहिला तर शेजाऱ्याचं कंपाउंड त्यात येतं, आणि त्याची भरपाई तुमच्या खिशातून.

ताबा दिल्यावर सर्वांत जास्त तक्रार कशाची येते?

गळतीची. बाथरूमच्या खोलगट भागात वॉटरप्रूफिंग झाल्यावर ४८ तास पाणी साठवून खालच्या मजल्याच्या छताला हात लावून बघा. त्यानंतर प्लंबरने पुन्हा छिन्नी लावली तर चाचणी पुन्हा. गच्चीचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) १०० ला १ उतारावर, आणि पाइपची तोंडं आधी ठरवून. संरचनेतला किंवा कामाच्या दर्जातला दोष ताब्यापासून पाच वर्षांत दाखवला तर ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून देणं कायद्याने बंधनकारक आहे. म्हणून विकलेल्या प्रत्येक फ्लॅटमागे दुरुस्तीची रक्कम बाजूला ठेवा.

जीएसटीचं थोडक्यात सांगा.

बांधकाम चालू असताना विकलेल्या घराला ५ टक्के. बेळगावसारख्या महानगर नसलेल्या शहरात कार्पेट ९० चौ. मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर १ टक्का. दोन्ही अटी एकदम लागतात. इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे मालावर भरलेला जीएसटी वळता करून मिळत नाही. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलं तर जीएसटी नाही. म्हणून शेवटचे दोन फ्लॅट मागे ठेवायचा मोह होतो, पण तोपर्यंतचं व्याज मोजूनच ठरवा. ग्राहकाला मुद्रांकाबरोबर नोंदणी शुल्कही आधीच सांगा. ते ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ वरून २ टक्के झालं आहे.

ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नंतर आणली तर काय होतं?

अडतं. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात ओसीशिवाय वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी देऊ नये असं बजावलं आहे. पूर्वी हेस्कॉम या वीज कंपनीचं तात्पुरतं मीटर वर्षानुवर्षं चालायचं. आता लोक सामान घेऊन येतात आणि मीटरच नसतं.

ओसी अडते ती बहुतेक वेळा छोट्या गोष्टींवर: बाजूच्या मोकळ्या जागेत फूटभर पुढे आलेली बाल्कनी, पार्किंगमध्ये काढलेलं दुकान, गच्चीवरची जादा खोली, नकाशात असून न केलेला पाऊसपाण्याचा खड्डा. प्लिंथ झाल्यावर आर्किटेक्टला बोलावून मंजूर नकाशाशी मोजून घ्या. त्या वेळी चूक दुरुस्त व्हायला एक दिवस लागतो. लिफ्टचा परवाना कर्नाटकाच्या २०१२ च्या कायद्याखाली वेगळा घ्यावा लागतो. त्याचा अर्ज लिफ्ट बसवायच्या आधीपासून सुरू करा.

इथे सोसायटी करायची की असोसिएशन?

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांचं ऐकून लोक ‘सोसायटी कधी करणार’ म्हणून विचारतात. इकडे रीत वेगळी. कर्नाटक अपार्टमेंट मालकी कायदा १९७२ खाली घोषणापत्र नोंदवायचं आणि प्रत्येक फ्लॅटच्या खरेदीपत्रात जमिनीचा अविभक्त हिस्सा लिहायचा. आमच्या १० गुंठ्यांच्या उदाहरणात १,००० चौ. फुटाच्या फ्लॅटला १९,००० पैकी १,०००, म्हणजे जमिनीतले सुमारे ५७३ चौ. फूट येतात. सगळ्या फ्लॅटांची बेरीज १०,८९० झाली पाहिजे. ती जास्त भरली तर कोणाचा तरी हिस्सा कागदावरच आहे. बुकिंग अर्ध्याच्या वर गेलं की तीन महिन्यांत असोसिएशन उभी करायची, आणि ओसीनंतर तीन महिन्यांत सामाईक जागेचे हक्क तिच्याकडे द्यायचे. मंजूर नकाशे, स्ट्रक्चरल ड्रॉइंग, लिफ्ट आणि पंपांची वॉरंटी कार्डं, कुठला पाइप कुठून गेलाय त्याचे गिलाव्याआधीचे फोटो, हे सगळं एका फाइलमध्ये घालून अध्यक्षांची पोच घ्या.